लहान जिवांच्या यकृतातले तांबे

१९९४ साली अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात दोन फेरेटांची नोंद प्रसिद्ध झाली. फेरेट चणीने मुंगसासारखा दिसतो, कुळाने मात्र तो पाणमांजराचा भाऊबंद. युरोप-अमेरिकेत हा मांसाहारी प्राणी हौसेने पाळतात, आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. नोंदीतले फेरेट सख्खी भावंडे होते आणि त्यांच्या यकृतात तांब्याचा साठा विषारी पातळीला पोचला होता. भावंडे म्हटल्यावर पहिला संशय रक्तावर जातो. पण भावंडे पुष्कळदा एकाच घरात वाढतात, एकाच वाडग्यातले खातात आणि एकाच नळाचे पाणी पितात. मग अशा वेळी दोष जनुकांचा म्हणायचा की वाडग्याचा?

फेरेट, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, चिंचिला, हेजहॉग, शुगर ग्लायडर या छोट्या पाळीव सस्तन प्राण्यांच्या यकृताबद्दल बोलताना हा प्रश्न अजूनही तसाच उभा आहे. त्यांच्यातल्या तांब्याच्या साठ्याविषयी जे छापून आले आहे त्यात एखाददुसऱ्या रुग्णाच्या नोंदी अधिक, मोठ्या पाहण्या जवळजवळ नाहीत. आपण जे ठामपणे बोलतो ते बहुतेक उसने आहे. ते कुत्र्यांकडून आले आहे, मेंढ्यांकडून आले आहे, प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून आले आहे आणि पुण्यातल्या तान्ह्या मुलांकडूनही आले आहे. उसन्या ज्ञानावर काम चालते, पण कुठले ज्ञान कोणाकडून आणले याचा हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब ठेवला जात नाही, अशी माझी मुख्य तक्रार आहे.

आधी तांब्याचा प्रवास पाहू. तांबे शरीराला लागतेच. पेशींच्या श्वसनातली विकरे, केसांचा रंग बनवणारी विकरे, लोहाची ने-आण, हाडांची आणि रक्तवाहिन्यांची बळकटी, सगळीकडे ते हजर असते. गरज मात्र अगदी थोडी. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९५ साली प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या आहाराचे जे कोष्टक काढले, त्यात उंदराला किलोभर खाद्यात ५ मिलिग्रॅम आणि गिनीपिगला ६ मिलिग्रॅम तांबे पुरेसे धरले आहे. आतड्यातून शोषलेले तांबे प्रथम यकृतात येते. यकृत त्यातले काही सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात बसवून रक्तात सोडते, काही मेटॅलोथायोनिन या प्रथिनाशी बांधून ठेवते आणि उरलेले पित्तात टाकून देते. लघवीवाटे जाणारा वाटा नगण्य असतो. म्हणजे जास्तीचे तांबे बाहेर पडायला पित्त ही एकच खरी वाट आहे. त्या वाटेवर तांबे ढकलणारा पंप म्हणजे एटीपी७बी नावाचे प्रथिन.

हा पंप जन्मतः बिघडलेला असला, खाण्यातून येणारे तांबे पंपाला झेपेनासे झाले, किंवा पुढची पित्ताची मोरीच तुंबली, तर तांबे यकृतात साचते. बांधून ठेवण्याची क्षमता संपली की मोकळे तांबे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करते, ते पेशींचे पडदे आणि मायटोकॉन्ड्रिया जाळत सुटतात. पेशी मरतात, दाह होतो, वर्षानुवर्षे चालले तर यकृत निबर होते. कधी मरणाऱ्या पेशींतून पुष्कळ तांबे एकदम रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी फुटतात. मेंढ्यांमध्ये असे नेहमी घडते. महिनोन्महिने धडधाकट दिसलेली मेंढी एखाद्या ताणानंतर दोन दिवसांत पिवळी पडून मरते.

जन्मजात बिघाडाचा पुरावा सर्वांत पक्का आहे, पण तो पाळीव ससा-गिनीपिगांतला नाही. माणसातला हा आजार किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णिला, त्याचे, म्हणजे याच पंपाचे, जनुक १९९३ साली सापडले. त्याच सुमारास जपानमध्ये साप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठातल्या उंदरांच्या एका वंशाचे कोडे सुटत होते. दालचिनी रंगाचे हे लाँग-इव्हान्स उंदीर चार महिन्यांचे झाले की त्यांना कावीळ व्हायची, बरेच मरायचे, आणि जे वाचायचे त्यांच्यातल्या अनेकांना पुढे यकृताचा कर्करोग व्हायचा. आधी हे विषाणूचे काम वाटले. मग त्यांच्या यकृतात तांबे कित्येक पटींनी वाढलेले आढळले आणि १९९४ साली कळले की त्यांच्या एटीपी७बी जनुकाचा एक तुकडाच गळालेला आहे. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांतही असाच एक वंश आहे. त्यात बिघाड असलेल्या मादीच्या दुधात तांबे उतरत नाही आणि तिची पिल्ले तांब्याअभावी मरतात. पंप बिघडला की एकीकडे साठा आणि दुसरीकडे टंचाई, हे या उंदरांत फार स्पष्ट दिसते. (पाळीव उंदराचा रंग दालचिनी असला म्हणून घाबरायचे कारण नाही. तो रंग वेगळा, तो वंश वेगळा.)

कुत्र्यांकडे पाहिले तर गोष्ट आणखी गुंतते. बेडलिंग्टन टेरियर या जातीतला तांब्याचा आजार १९७५ साली ओळखला गेला, पण त्याचे जनुक २००२ साली सापडले तेव्हा ते विल्सनचे जनुक नव्हते. कॉमडी१ नावाचे वेगळेच प्रथिन त्यात हरवलेले होते. लॅब्राडोरमध्ये २०१६ साली एटीपी७बीमधला बदल साठा वाढवतो असे दिसले, तर एटीपी७ए या जोडीदार जनुकातला दुसरा बदल तो साठा कमी करतो असेही दिसले. एकाच प्राणिजातीत इतक्या तऱ्हा असतील, तर फेरेटांच्या दोन भावंडांकडे बोट दाखवून ‘फेरेटांना विल्सनचा आजार होतो’ असे म्हणणे घाईचे आहे. फेरेटांच्या जनुकांची अशी कसून तपासणी झाली, तरच तसे म्हणता येईल.

आता वाडग्याकडे. खाण्यापिण्यातून येणाऱ्या तांब्याने यकृत कसे बिघडते, याचा एक मोठा धडा पुण्यात शिकला गेला. आपल्याकडे दीड-दोन वर्षांच्या मुलांना होणारा यकृताचा एक जीवघेणा आजार होता. वैद्यकात त्याला भारतीय बाल-यकृतकाठिण्य म्हणत. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे लागायचे आणि बहुतेक मुले काही महिन्यांत जायची. एकाच घरातल्या एकामागून एक मुलांना तो व्हायचा, काही समाजांत जास्त दिसायचा, म्हणून तो आनुवंशिक असावा असे पुष्कळांना वाटे. १९७९ साली ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड वाढलेले असते हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित, शीला भावे आणि टॅनर यांनी घरोघरच्या सवयींचा माग काढला. १९८३ सालच्या लेखात त्यांनी थेट भांड्याकडे बोट दाखवले. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले, ठेवले जात होते. दुधातले केसीन हे प्रथिन पितळेतले तांबे ओढून घेते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. त्या जागी बाळाच्या पोटात दर दोन-तीन तासांनी तांबेयुक्त दूध जात होते आणि तान्ह्या यकृताची पित्त गाळण्याची ताकद अजून अपुरी होती.

कल्हईचे महत्त्व जुन्या बायकांना माहीत होते. आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवायचा नाही, हा नियम घराघरांत होता. पण दुधाला आंबट म्हणून कोणी धरत नव्हते, आणि ज्या पातेल्यात वर्षानुवर्षे दूध तापले त्याच्याकडे संशयाने पाहायचे कारणही नव्हते. स्टेनलेस स्टीलची भांडी आली, डॉक्टरांनी सांगितले, पितळेची पातेली माळ्यावर गेली, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ज्या मुलांना तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध लवकर मिळाले त्यांतली काही वाचलीही. ऑस्ट्रियातल्या तिरोल भागातही असेच घडले होते. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले यकृतकाठिण्याने मेल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. त्यांनाही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यातले दूध मिळत होते. तिथल्या अभ्यासकांनी मात्र घराण्यांचा वंशवृक्ष मांडून दाखवले की भांड्याच्या जोडीला आनुवंशिक कमजोरीही असावी. सगळ्याच घरांत तांब्याची भांडी होती, पण आजार ठरावीक घराण्यांतच होता.

फेरेटांच्या त्या दोन भावंडांकडे मी तिरोलच्या आणि पुण्याच्या चष्म्यातून पाहतो. जनुक की वाडगा, अशी निवड करायचीच असे नाही. थोडी कमजोर वाट आणि थोडे जास्त तांबे मिळून तेच घडवू शकतात.

सशांना जास्तीचे तांबे देऊन पाहण्याचा प्रयोग फार पूर्वी झाला होता. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक मॅलरी यांनी १९२१ साली सशांना तांब्याचे क्षार खाऊ घालून त्यांच्या यकृतात रंगद्रव्य साचवले आणि काठिण्य घडवले. माणसातला हिमोक्रोमॅटोसिस हा आजार तांब्यानेच होतो असा त्यांचा दावा होता. तो टिकला नाही, कारण तो आजार लोहाचा निघाला. पण ससा तांब्याने आजारी पडू शकतो एवढे त्यातून उरले. उंदीर त्या मानाने टणक निघाले. लिव्हरपूलच्या सुसान हेवूड यांनी उंदरांना किलोला दीड हजार मिलिग्रॅम तांबे असलेले खाद्य दिले तेव्हा आधी यकृत खवळले, पेशी मेल्या, पण खाणे तसेच चालू असताना यकृत पुन्हा बरे होत गेले. मेंढीला याच्या पासंगालाही पुरणारे तांबे झेपत नाही. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०१८ सालच्या नियमात मेंढ्यांच्या पूर्ण खाद्यात किलोला १५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांना स्वतंत्र ओळ नाही. ते ‘इतर प्राणी’ या रकान्यात येतात आणि त्यांची मर्यादा २५ मिलिग्रॅम. मर्यादा ठीकच असेल, पण ती या प्राण्यांची यकृते तपासून काढलेली आहे असे समजू नये.

व्यापारी खाद्याचा प्रश्न कुत्र्यांच्या बाबतीत ऐरणीवर आला आहे. १९९७ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या खाद्यातला तांब्याचा ऑक्साइड शरीराला लागत नाही म्हणून तो काढून त्या जागी सहज शोषले जाणारे सल्फेटसारखे क्षार वापरावेत असे ठरले. त्यानंतरच्या वर्षांत कुत्र्यांच्या यकृतातले तांबे वाढत गेल्याचे दिसू लागले, आणि २०२१ साली काही यकृततज्ज्ञ पशुवैद्यकांनी खाद्यातल्या तांब्याला वरची मर्यादा हवी अशी उघड मागणी केली. सशाच्या गोळ्यांबाबत असा वाद कोणी घातलेला नाही. याचा अर्थ सशाच्या गोळ्या निर्दोष आहेत असा होत नाही, आणि सदोष आहेत असाही नाही. मांसासाठीच्या ससेपालनात वाढ झपाट्याने व्हावी म्हणून खाद्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, मिसळण्याची पद्धत मात्र जगात अनेक ठिकाणी होती. दोन-तीन महिन्यांत कापायच्या सशाला त्याने फरक पडत नाही. आठ-दहा वर्षे जगवायच्या सशाचा हिशेब वेगळा.

तिसरी वाट पित्ताच्या तुंबण्याची. ही सर्वांत कमी चमकदार आणि, माझ्या मते, या लहान प्राण्यांत सर्वांत जास्त वेळा खरी असणार. पित्तनलिकेला सूज आली, परजीवी बसले, गाठ झाली, की तांबे बाहेर पडायला जागा राहत नाही. सशात आयमेरिया स्टीडी नावाचा परजीवी नेमका पित्तनलिकांच्या अस्तरात वाढतो. हॅमस्टरच्या यकृतात म्हातारपणी पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात, पित्तनलिकांभोवती दोर वाढतात. अशा वेळी यकृताच्या तुकड्यात तांबे आढळले तर तो आजाराचा परिणाम असतो, कारण नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली एक खूण मदत करते. रोडानिन या रंगाने तांबे विटकरी तांबडे दिसते. मूळ तांब्याच्या आजारात, निदान कुत्र्यांत, ते यकृताच्या खंडाच्या मध्यशिरेभोवती जमते. पित्त तुंबून आलेले तांबे कडेला, पित्तनलिकांच्या शेजारी जमते. अहवालात नुसते ‘तांबे आढळले’ असे लिहिले असेल तर ‘कुठे?’ हा पहिला प्रश्न विचारावा.

आणि मुळात या प्राण्यांचे यकृत बिघडते ते बहुतेक वेळा तांब्याने नाहीच. ससा किंवा गिनीपिग दात वाढल्यामुळे, भीतीने, उन्हाने खायचा थांबला की अंगातली चरबी यकृतात उतरते आणि दोन-तीन दिवसांत यकृत चरबीने भरते. लठ्ठ गाभण गिनीपिग शेवटच्या पंधरवड्यात अशीच मरते. फेरेट आणि हेजहॉग यांचेही उपाशीपण यकृतावरच उतरते. लोंबत्या कानांच्या सशात यकृताचा एक खंड स्वतःभोवती पिळला जातो. सशांचा रक्तस्रावी ताप यकृतच जाळतो. तो १९८४ साली चीनमध्ये ओळखला गेला, त्याचा दुसरा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड दिली तर त्यातले अफ्लाटॉक्सिन सशाला इतर प्राण्यांहून फार लवकर मारते. आपल्या पावसाळ्यात हा धोका तांब्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. देवदाराचा भुसा पिंजऱ्यात पसरला तर त्याच्या वासाची द्रव्ये यकृतातली विकरे चाळवतात, हेही १९६७ सालापासून माहीत आहे. एवढी यादी ओलांडल्यावर तांब्याची पाळी येते.

लक्षणांवरून काही कळत नाही, हा दुसरा त्रास. खाणे मंदावते, वजन घटते, प्राणी कोपऱ्यात बसतो. कावीळ आलीच तर फेरेटाच्या हिरड्यांवर, नाकावर, कानाच्या आत दिसते. तांबड्या पेशी फुटल्या तर लघवी लाल होते, पण सशाची लघवी गवतातल्या रंगद्रव्यांनी एरवीही लाल-नारिंगी असते आणि मालक उगाच घाबरतात. रक्तातली यकृताची विकरे वाढलेली दिसतात, ती कशाने वाढली हे सांगत नाहीत. रक्तातले तांबे मोजून यकृतातल्या साठ्याचा अंदाज येत नाही, हे कुत्र्यांत आणि माणसांत पक्के ठरले आहे. शेवटी यकृताचा तुकडाच काढावा लागतो.

तुकड्यापाशी येऊन सगळे अडते. १२० ग्रॅमच्या हॅमस्टरचे सगळे यकृत पाचएक ग्रॅमचे. सुईने मिळणारा तुकडा दहा-वीस मिलिग्रॅमचा, त्यातले सत्तर टक्के पाणी. उरलेल्या चार-पाच मिलिग्रॅममध्ये सूक्ष्मदर्शकाची तपासणीही करायची आणि तांबेही मोजायचे! भूल, रक्तस्राव, थंडी पडणे हे धोके वेगळेच. फेरेटात आणि मोठ्या सशात हे जमते, उंदरात अवघड, हॅमस्टरात जवळजवळ अशक्य.

तुकडा मिळाला तरी आकडा वाचायचा कसा? कुत्र्यात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅमला ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे सर्वसाधारण धरतात, हजारावर गेले की आजाराचा विचार करतात, बेडलिंग्टनमध्ये ते कित्येक हजारांवर जाते. ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांच्यासाठी पाळीव प्राण्यांच्या मोठ्या गटावरून काढलेल्या अशा विश्वासार्ह पायऱ्या हाताशी नाहीत. मग कुत्र्याचाच आकडा लावला जातो. त्यात काही प्रयोगशाळा ओल्या वजनावर आकडा देतात, काही कोरड्या. यकृतात पाणी एवढे असते की दोन्हींत तिपटी-चौपटीचा फरक पडतो. ओल्या वजनावरचा २०० हा आकडा कोरड्याच्या कोष्टकात ठेवला तर साठा वाढलेला प्राणी निरोगी ठरतो. वयाचाही घोळ आहे. माणसाच्या नवजात बाळाच्या यकृतात मोठ्यांच्या कित्येक पट तांबे असते आणि ते आजाराचे नसते. म्हणून कोवळ्या पिल्लाचा आकडा मोठ्याच्या कोष्टकाला लावता येत नाही. आणि जातींचा घोळ तर याहून मोठा. हंसाच्या यकृतात तांबे इतके साचते की ते काळपट दिसते, तरी हंस ठणठणीत असतो.

उपचारांच्या बाबतीत उसनवारीचा धोका आणखी वाढतो. डी-पेनिसिलामीन तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढते. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी ते विल्सनच्या आजारात आणले आणि कुत्र्यांत ते आजही पहिले औषध आहे. माणसात त्याला ट्रायएंटीनचा पर्याय आहे. जस्ताचे क्षार आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन वाढवतात, ते तांब्याला तिथेच अडवते आणि पेशी गळून पडताना तांबेही बाहेर जाते. ही सगळी औषधे फेरेटात किंवा सशात दिली जातात ती कुत्र्याच्या मात्रेवरून अंदाजाने. अंदाज चुकला तर जस्त स्वतः विषारी ठरते, पोट बिघडवते, तांबड्या पेशी फोडते. त्याहून मोठा सावधगिरीचा इशारा अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाचा आहे. कुत्र्या-मांजरांत पित्त वाहते करायला हे औषध सर्रास देतात. सशाच्या आतड्यातले जिवाणू त्याचे लिथोकोलिक आम्ल बनवतात आणि सशाचे यकृत त्याने बिघडते, असे प्रयोगांत दिसले आहे. कुत्र्याचे औषध सशाला देताना नुसते वजन भागून चालत नाही, हे यावरून कळावे.

म्हणून माझा कल साध्या क्रमाकडे आहे. खाणे थांबलेल्या सशाला, गिनीपिगला आधी पाणी आणि पोटात अन्न. मग दात, मग परजीवी, मग सोनोग्राफी. तांब्याची औषधे तुकड्याच्या पुराव्याशिवाय सुरू करू नयेत. फेरेटाच्या दोन भावंडांत आजार दिसला तर मात्र उरलेल्या भावंडांचे रक्त तपासावे आणि वाडगे, पाण्याची नळी, खाद्याचे डबेही तपासावेत.

घरात करण्यासारखे काही आहे ते महाराष्ट्राच्या संदर्भातच सांगतो. तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला चांगले म्हणून पाळीव प्राण्यालाही तांब्याच्या वाटीत पाणी देणारी माणसे आहेत. २०१२ सालच्या बंगळुरूच्या एका अभ्यासात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम तांबे उतरल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. त्यामुळे माणसाने घाबरायचे कारण नाही. पण लहान प्राण्याला त्यातून काही मिळतही नाही, आणि त्या वाटीत कोणी दूध, ताक किंवा फळाचा रस ओतला तर गणित बदलते. काचेची किंवा स्टीलची वाटी उत्तम. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. त्या बागेतला पाला, बांधावरचे गवत सशाला घालू नये. फवारलेल्या बागेत चरलेल्या मेंढ्या मेल्याची उदाहरणे पशुवैद्यकात जुनी आहेत. गाईसाठीचे खनिज मिश्रण आणि चाटण विटा गाईसाठीच असतात. मांस खाणाऱ्या प्राण्याला काळीज द्यायचे तर कोंबडीचे द्यावे. गाई-म्हशींच्या यकृतात शंभर ग्रॅमला दहाएक मिलिग्रॅम तांबे असते, कोंबडीच्या यकृतात अर्धा मिलिग्रॅम. हॅमस्टरला मिश्र दाणे दिले की तो सूर्यफुलाचे बी वेचून खातो. त्यात शंभर ग्रॅमला पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास तांबे असते आणि चरबी तर भरपूरच. त्याचे यकृत बिघडले तर बहुधा चरबीने बिघडेल, पण दोन्हींचा उपाय एकच, बी मोजून द्यावे. आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. इतक्या लहान जिवात यकृताच्या आजाराची सर्वांत लवकर मिळणारी बातमी तीच.

शेवटची विनंती अप्रिय आहे. आपला ससा, गिनीपिग किंवा हॅमस्टर यकृताच्या आजाराने गेला तर त्याचे शवविच्छेदन होऊ द्या. मुंबईत परळला, शिरवळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला, अकोल्याला पशुवैद्यकीय संस्थांत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत. डॉक्टरांना सांगा की यकृताचा एक तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये घ्या आणि दुसरा फॉर्मॅलिन न घालता स्वच्छ डबीत गोठवून ठेवा, कारण आम्लयुक्त फॉर्मॅलिनमध्ये तांबे धुऊन जाते. तांबे मोजून झाले तर आकडा ओल्या वजनावरचा की कोरड्या, प्राण्याचे वय किती, तो काय खात होता, हे त्याच कागदावर लिहून घ्या. निरोगी असताना अपघाताने गेलेल्या प्राण्याचा तुकडा तर आणखी मोलाचा, कारण सर्वसाधारण पातळी त्याच्यावरूनच ठरेल.